दम्मामहून पार्थिव खानापूर तालुक्यात आणायचे आहे: संमतिपत्राबाबत मार्गदर्शन हवे

प्रश्न (कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून)

नमस्कार. माझे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, सौदी अरेबियात दम्मामजवळ एका कंत्राटदाराकडे वेल्डर म्हणून काम करत होते. परवा पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. हृदयविकाराचा झटका आल्याचे इस्पितळाने सांगितले, असे त्यांच्या खोलीतील सोबत्याने फोनवर कळवले. पार्थिव तेथील शवागारात आहे. 'घरच्यांचे संमतिपत्र आल्याशिवाय पुढे काही होणार नाही', एवढेच कंपनीच्या माणसाने सांगितले आहे. दरम्यान मुंबईच्या एका एजंटाने सर्व कागद करून देतो म्हणून पंच्याहत्तर हजार रुपये मागितले. बहिणीला दोन लहान मुली आहेत आणि घरात तेवढी रक्कम नाही. संमतिपत्र कोणी व कसे करावे, खर्च कोणाकडे येतो आणि विमान कोठे उतरवावे, हे कोणी अनुभवाने सांगेल का? आमचे काही नातेवाईक कोल्हापुरात आहेत. अर्ज महाराष्ट्रातून केल्यास लवकर होईल का, असेही काही जण विचारतात.

उत्तर १ (निपाणीहून)

दादा, तुमच्या बहिणीच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. एजंटाला पैसे देऊ नका. माझ्या चुलत्यांचे पार्थिव आम्ही रियाधहून आणले, तेव्हा १९ दिवस लागले आणि त्यांतले निम्मे दिवस आमच्याच कागदांतील नावांमुळे गेले.

संमतिपत्र कायदेशीर वारसाने, म्हणजे तुमच्या बहिणीने, नोटरीसमोर सही करून द्यायचे असते. पार्थिव भारतात पाठवावे आणि तेथील सोपस्कार पार पाडण्याचा अधिकार अमुक व्यक्तीला दिला आहे, असे त्यात स्पष्ट लिहावे. ती व्यक्ती नात्यातील किंवा गावाकडची, तेथेच राहणारी आणि फोन उचलणारी असावी. दम्माम हे रियाधच्या भारतीय दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येते, जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाच्या नव्हे. चुकीच्या ठिकाणी पाठवलेला कागद परत येण्यात दोन-तीन दिवस जातात.

आता नावांचे पाहा. आमच्या चुलत्यांच्या पासपोर्टवर पत्नीचे नाव 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी', आणि नाडकचेरीच्या (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयाच्या) कन्नड दाखल्यावर तिसरेच रूप होते. पासपोर्ट जुना असल्याने त्यावर जिल्ह्याचे नाव बेळगाव होते, तर नव्या कागदांवर २०१४ च्या नामांतरानंतरचे बेळगावी. कागद पाहणाऱ्या परक्या अधिकाऱ्याला हे आपल्यासारखे समजत नाही. म्हणून ही सर्व रूपे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून संमतिपत्राबरोबरच पाठवा. कन्नड दाखल्याचे इंग्रजी भाषांतरही सोबत जोडा.

महाराष्ट्रातून अर्ज करून काहीही लवकर होत नाही. हा विषय परराष्ट्र मंत्रालयाचा आहे. मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. खासदारांचे पत्र घेणार असाल तर एक लक्षात असू द्या: खानापूर तालुका उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतो. आमच्या ओळखीचे एक जण बेळगावच्या खासदारांच्या कार्यालयात अर्धा दिवस बसून आले होते.

उत्तर २ (सौदीत काम करणारा, मूळचा बेळगाव तालुक्यातील)

मी दम्मामजवळ अल-खोबरला आहे आणि अशा प्रसंगी दोनदा धावपळ केली आहे. येथील कामगार कायद्याच्या कलम ४० नुसार मृत कामगाराचे पार्थिव तयार करण्याचा व मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकावर, म्हणजे कफीलवर असतो. घरच्यांच्या संमतीने येथेच दफन झाले किंवा सामाजिक विमा संस्थेने खर्च उचलला तरच तो सुटतो. हे तुमच्या माणसाने कंपनीला नम्रपणे, पण लेखी कळवावे. मालकाने हात वर केले आणि कुटुंब अडचणीत असेल तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते.

येथे इस्पितळाचा मृत्यू अहवाल, पोलिसांचे पत्र, दूतावासाचे ना हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द करणे, अंतिम निर्गमन परवाना (देश सोडण्याची परवानगी) आणि एम्बामिंगचे, म्हणजे पार्थिव टिकावे म्हणून केलेल्या प्रक्रियेचे, प्रमाणपत्र असे टप्पे असतात. एक अडला की पुढचे सगळे अडतात, त्यामुळे रोज संध्याकाळी 'आज कोणता कागद झाला' एवढाच प्रश्न विचारा. 'कधी येणार' याला येथे कोणी खरे उत्तर देऊ शकत नाही आणि त्या प्रश्नाने घरच्यांचाच जीव अधिक टांगणीला लागतो.

उत्तर ३ (बेळगाव, वकील)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मी केवळ सहीबाबत लिहितो. पार्थिव आणण्याचे संमतिपत्र आणि थकीत पगार, सेवासमाप्तीची रक्कम यांचे कागद पूर्णपणे वेगळे ठेवा. 'आमचे काही येणे नाही' असे वाक्य संमतिपत्रात घातलेले मी पाहिले आहे, आणि शोकात बुडालेली बाई ते न वाचता सही करते. ताईंना प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवा. कोऱ्या कागदावर सही मुळीच नको. येणे रकमेचा दावा दूतावासामार्फत नंतर चालवता येतो, त्यासाठी पार्थिव थांबवून ठेवण्याची गरज नाही. दूतावासात मृत्यूची नोंद अवश्य करून घ्या, कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे ती नोंद भारतातही ग्राह्य धरली जाते आणि पुढे बँक, सातबारा, विमा सर्वत्र तीच लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज बहिणीची सही नोटरीसमोर झाली. पासपोर्टवर तिचे माहेरचे नाव होते, त्यामुळे प्रतिज्ञापत्रही केले. आमच्या मावसभावाचा मित्र तिकडेच सौदीत, जुबैलला आहे, त्याच्या नावे अधिकार दिला आहे. आता विमानतळाचेच ठरायचे आहे. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरवता येणार नाही का? गावातील वडीलधारे तेच विचारत आहेत.

उत्तर १ (निपाणीहून)

सांबऱ्याला आंतरराष्ट्रीय विमाने येत नाहीत, त्यामुळे पार्थिव थेट तेथे उतरणार नाही. दम्मामहून मुंबई किंवा बंगळूर सोयीचे. दोन्हीकडून तुमच्या गावापर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर पडतात. ज्या शहरात तुमचे माणूस आहे ते निवडा. विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि तिच्यासाठी २०२३ पासून 'ई-केअर' हे ऑनलाइन पोर्टल आहे. तिकडून मृत्यू दाखला, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, ना हरकत आणि रद्द पासपोर्टची प्रत आली की लगेच त्यावर चढवा. पेटी प्रवासी दरवाजाने नव्हे, कार्गो विभागातून मिळते. आम्ही आधार कार्ड घेऊन दोघे गेलो होतो आणि साडेतीन तास लागले.

रुग्णवाहिका ठरवताना पेटीची लांबी विचारून घ्या. ती पेटी आपल्या साध्या तिरडीपेक्षा बरीच मोठी व जड असते. आमच्या गल्लीत ती वळली नाही, तेव्हा चावडीसमोरच उतरवावी लागली. तुमच्या गल्लीचे वळण आजच पाहून ठेवा. दिवसांविषयी म्हणाल तर आमच्या भटजींनी दहनाच्या दिवसापासून दहावे धरले होते. तुमच्या घरची रीत तुमच्याच भटजींना विचारा, म्हणजे त्या दिवशी अंगणात वाद नको.