मदत हवी आहे : आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरील आंतरसरकारी समिती) मसुद्यावर अभिप्राय कसा लिहावा?

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि ठाणे खाडीतील कांदळवनांच्या गाळाचे नमुने काढून त्यात साठलेल्या कार्बनचा अभ्यास करतो. आयपीसीसीच्या अहवालाचा पहिला मसुदा तज्ज्ञांकडे, तर दुसरा तज्ज्ञांबरोबर सरकारांकडेही जातो आणि प्रत्येक अभिप्रायाची लेखकांना लेखी दखल घ्यावी लागते. २०२१ च्या पहिल्या कार्यगटाच्या (हवामान बदलामागचे भौतिक विज्ञान पाहणाऱ्या गटाच्या) अहवालावर असे ७८ हजारांहून अधिक अभिप्राय आले होते. एवढ्या गर्दीत पान व ओळ क्रमांकासह केलेली नेमकी, साधार सूचनाच टिकत असावी. आपल्या खाड्यांची निरीक्षणे तिथवर पोहोचलीच पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. परीक्षक म्हणून काम केलेल्यांनी कृपया सांगावे : मराठीतील सरकारी अहवालाचा आधार दिल्यास सोबत इंग्रजी सारांश जोडावा लागतो का, आणि मसुदा गोपनीय असताना सहकाऱ्यांशी कितपत चर्चा करता येते?