१७ फुटी पॉवरबोट ओढायला गाडी कोणती? (खानापूर – हिडकल, अधूनमधून कारवार)

खानापूर_नाका

नमस्कार मंडळी. १७ फुटी फायबरची उघडी बोट, मागे ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, एका आसाच्या ट्रेलरसकट घ्यायचं चाललंय. बोट खानापूरला शेडमध्ये राहील. परवानगी मिळेल तशी हिडकल धरणावर न्यायची, वर्षाकाठी एखादवेळ कारवारला.

घरात बोलेरो आहे, टू-व्हील ड्राइव्ह. ती चालेल का? नाहीतर जुनी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर की थार? ट्रेलरला ब्रेक नाहीत. विकणारा म्हणतो, बोट हलकी आहे, ब्रेक कशाला पायजे. बेळगावच्या उद्यमबागेत हुक करून देणारे भेटले, पण ते ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिनच दाखवतात. वायरिंगचंही कुणीतरी नीट सांगा.

वजनकाटा

अण्णा, गाडीचं नाव शेवटी. आधी वजन मांडा.

हल, म्हणजे बोटीचं नुसतं अंग, ४५० किलो धरू. ६० एचपी फोर-स्ट्रोक ११५. पेट्रोल ६० लिटर म्हणजे ४५ किलो. बॅटरी २०. नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेट, पाण्याचे कॅन मिळून ६०. ट्रेलर ३००. झाले ९९०. कागदावर कुणी धरत नाही असं सामान पुढे चढतंच, म्हणून ११०० धरून चाला. मग प्रत्यक्ष वजन करा. उसाचा पट्टा आहे, संकेश्वर-हुक्केरी बाजूला वजनकाट्यांना तोटा नाही. ट्रेलर गाडीपासून सोडून, जॉकी व्हीलसकट (पुढचं टेकूचं चाक) काट्यावर उभा करायचा.

दुसरा आकडा म्हणजे बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या हुकाच्या गोळ्यावर, येणारा भार. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ७५ ते ११० किलो. हा मोठ्या काट्यावर मोजू नका, तो १०-१० किलोंच्या टप्प्यानं दाखवतो. घरातला माणसाचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड). उंची बॉलएवढीच ठेवा, ट्रेलर सपाट जमिनीवर हवा आणि चाकांना ओंडके लावलेले हवेत. भार कमी आला तर विंच पोस्ट (बोट ट्रेलरवर ओढणाऱ्या विंचचा खांब) पुढे सरकवून बोट पुढे घ्या, जास्त आला तर मागे. तेवढ्यानं भागलं नाही तर आसाचे यू-बोल्ट सैल करून आसच सरकवावा लागतो.

हा भार कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. आणि तो तुमच्या नकळत कमी होतो. बोट उघड्यावर राहिली आणि खानापूरचा पाऊस आत साठला तर १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, तेही सगळं मागे ट्रान्समकडे (बोटीची मागची भिंत). बॉलवरचा भार तिथेच गेला. म्हणून शेडमध्ये असली तरी पाणी जायचं बूच काढून आणि नाक वर करून ठेवा.

ब्रेकबद्दल विकणाऱ्याचं ऐकू नका. युरोपात ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे, तुमचा ११०० चा आहे. ओव्हररन ब्रेक बसवून घ्या: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरमधला दांडा मागे सरकतो आणि मास्टर सिलिंडर किंवा केबल ड्रम आवळते. गाडीतून वेगळी जोडणी लागत नाही. दोन गोष्टी बघून घ्या: रिव्हर्समध्ये चढावर ढकलताना हाच ब्रेक लागून बसतो, म्हणून ऑटो-रिव्हर्सचा ड्रम किंवा लॉकआउट हवा; आणि ट्रेलर सुटलाच तर ब्रेक ओढणारी ब्रेकअवे केबल. ती केबल गाडीच्या चॅसिसला अडकवायची, बॉलच्या मानेला नाही.

आता गाडी. थारचा व्हीलबेस २४५० मिमी. आखूड गाडी ट्रेलरच्या धक्क्यानं लवकर वळते आणि रिव्हर्समध्ये पटकन कात्री होते, म्हणजे ट्रेलर गाडीकडे दुमडतो. स्कॉर्पिओ-एन २७५०, व्ही-क्रॉस ३०९५. ताकद म्हणाल तर जुनी २.५ लिटरची व्ही-क्रॉस १३४ एचपी, ३२० एनएम, नंतरची १.९ लिटर १६३ एचपी, ३६० एनएम. ११०० किलोला दोन्ही पुरेत. परदेशात याच गाडीला साडेतीन टन ओढायची मुभा असल्याचं वाचून हुरळू नका. तिथला हिच (गाडीला लावलेला ओढायचा हुक), कूलिंग, कागद वेगळे. इथल्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो खरा, आणि काहीच नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. निम्मे फसतात ते इथेच.

माझं मत: चांगल्या अवस्थेतली व्ही-क्रॉस फोर बाय फोर. मागे मोकळा बेड असल्यानं ओलं सामान, पेट्रोलचे कॅन आणि ट्रेलरचं स्पेअर चाक बाहेर राहतं.

निपाणी_मोटार

बोलेरोला उगाच नावं ठेवू नका. दोन टनांची ट्रॉली ओढणाऱ्या बोलेरो आपल्या भागात ढिगानं आहेत. हिडकलला सपाटीनंच तर जायचं. आहे त्या गाडीला हुक लावा, फोर बाय फोरचे पैसे इंजिनावर घाला.

वजनकाटा

सपाट रस्त्यावर, ५० च्या वेगानं, ब्रेकवाला ट्रेलर असेल तर बोलेरो ओढेल, मान्य. पण बोट रस्त्यावरून नेणं हे निम्मंच काम. ती पाण्यातून वर काढायची असते. हिशेब बघा.

काठावर पाण्यात उतरणाऱ्या रॅम्पचा चढ १ ला ८. बोलेरो १७०० आणि ट्रेलर ११०० म्हणजे २८००, त्याचा आठवा भाग ३५० किलोचा ओढ. शेवाळी ओल्या काँक्रीटवर घर्षण ०.३ धरा. मागच्या चाकांवर गाडीचे ९५० आणि बॉलचे ९०, एकूण १०४०. त्याचे ०.३ म्हणजे ३१२. लागतात ३५०, मिळतात ३१२: चाक जागेवरच फिरणार. डिक्कीत १०० किलो वाळू टाकली तर पकड ३० नं वाढते, पण ओढही साडेबारानं वाढतो. फोर बाय फोरला चारही चाकांचं वजन कामी येतं: २१०० ची गाडी आणि बॉलचे ९० धरून ६५७ मिळतात, लागतात ४००. ही शिल्लक इंजिनाच्या एचपीत नाही, चार चाकांत आहे. ट्रॉलीवाल्यांना पाण्यातून चढायचं नसतं.

कोरड्या काँक्रीटवर फोर बाय फोर लावून स्टिअरिंग जास्त वळवू नका. पार्ट-टाइम सिस्टिमला पुढची-मागची चाकं एकत्र बांधलेली असतात, गिअरवर ताण येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी असेल तर रॅम्पवर अर्धवट ॲक्सिलरेटरवर लोंबकळू नका, तेल तापतं. फोर बाय फोरचा लो गिअर घ्या आणि एका दमात काढा.

उद्यमबाग_फिटर

हुकाचं मी सांगतो. ट्रॅक्टरची पिन बोटीला नको. पिन आणि कड्यात मोकळं अंतर असतं. शेतात चालतं, पण हायवेवर प्रत्येक ब्रेकला हातोडा बसतो आणि बोल्ट सैल होतात. ५० मिमीचा बॉल आणि लॉक होणारा कपलर घ्या. ट्रेलर कुठून आलाय ते बघा: अमेरिकी कपलर दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमी. तो ५० च्या बॉलवर किंचित सैल बसतो, आणि ५० चा कपलर दोन इंची बॉलवर नीट लॉकच होत नाही. कपलरवरचा ठोकलेला आकडा वाचून बॉल आणा. बॉल झिजून ४९ मिमीवर आला की बदला. व्हर्नियर दोन-तीन दिशांनी लावा, झीज गोल नसते.

हिचची फ्रेम चॅसिसच्या दोन्ही लांब तुळयांना बोल्टनं. बंपरला नाही, आणि चॅसिसवर वेल्डिंग तर अजिबात नाही. वेल्डच्या कडेला तडा जातो. बोल्ट एम१२, ८.८ ग्रेडचे, ८० एनएम टॉर्क, नायलॉक नट. चॅसिस पेटीसारखी पोकळ असेल तर आत पाइपचा तुकडा घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पेटी पिचकते आणि महिन्याभरात टॉर्क उतरतो. पहिल्या ओढणीनंतर सगळे पुन्हा आवळा.

बॉलची उंची: भरलेल्या गाडीला जमिनीपासून बॉलच्या मध्यापर्यंत ३५० ते ४२० मिमी. ट्रेलर सपाट किंवा किंचित नाक खाली. आपल्या गाड्या उंच, त्यामुळे खाली वाकवलेला ड्रॉप माउंट करून घ्यावा लागतो. तो काढता येईल असा ठेवा. ट्रेलर नसताना बाहेर राहिलेला बॉल पार्किंगमध्ये लोकांच्या नडग्या फोडतो.

सेफ्टी चेन दोन, कपलरखाली एकमेकींना फुली मारून. कपलर निसटला तर ट्रेलरचं नाक रस्त्यावर न पडता चेनच्या झोळीत बसतं. वळणाला पुरेल एवढीच ढील, घासेल एवढी नको.

वायरिंग सात पिनांचं: पिवळी डावा इंडिकेटर, निळी फॉग, पांढरी अर्थ, हिरवी उजवा इंडिकेटर, तपकिरी उजवा टेल, लाल ब्रेक, काळी डावा टेल. पांढरी वायर जाड घ्या आणि ट्रेलरच्या प्रत्येक दिव्यापर्यंत न्या. ट्रेलरच्या लोखंडावर अर्थ सोडला की गंज धरतो, आणि मग इंडिकेटर लावला की ब्रेकलाइट लुकलुकते. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, अर्थ बघा. नव्या गाड्यांत दिव्याच्या वायरीला सरळ टॅप मारू नका. बॉडी कंट्रोल मॉड्यूलला जादा लोड कळतो, तो फॉल्ट दाखवतो किंवा सर्किट बंद करतो. सिग्नल तिथून, पण करंट बॅटरीवरून फ्यूज लावून घेणारा बायपास रिले बसवा. ट्रेलरला एलईडी लावा, पाण्यात टिकतात.

किनारा_आणि_धरण

कारवारला उतरताना ट्रेलरचा ब्रेक कसा वागतो ते माहीत पाहिजे. ओव्हररन ब्रेकला कळतं एवढंच, की ट्रेलर पुढे रेटतोय. तुम्ही ब्रेक दाबा किंवा खालच्या गिअरवर इंजिनानं गाडी धरा, त्याला सारखंच. त्यामुळे अरबैल घाट असो की अनमोड, उताराला ट्रेलरचे ड्रम सतत तापतात. उपाय एकच, वेग कमी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, मध्ये रुंद जागा बघून थांबा आणि हबजवळ (चाकाचा मधला भाग, यात बेअरिंग असतं) हात धरा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम असेल तर तो ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग चाललंय. यल्लापूर-अरबैल-अंकोला वाटेला ट्रकची रांग असते पण वळणं रुंद. तिळारी घाटाचा विचार करू नका, वळणं फार आखूड आहेत.

ट्रेलर डोलायला लागला तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग झटक्यानं वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि सरळ धरून ठेवा. ६० च्या वर जायचं कारणच नाही.

आता पाणी. तापलेला हब थेट पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ झालं म्हणजे तेच. म्हणून काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. तेवढ्यात बूच घट्ट लावा, मागचे पट्टे सोडा, आउटबोर्डखालचा आधार काढा, ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा. विंचचा हूक आणि नाकाची चेन मात्र बोट पाण्याला टेकेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर रोलरवरची बोट रॅम्पवर घसरते.

जाताना आउटबोर्ड ट्रेलरवरच्या आधारदांड्यावर टेकवा. मोटरवरची छोटी टिल्ट-लॉकची कडी बोट उभी असताना वापरायला आहे, खड्ड्यांचे हादरे खायला नाही. ट्रान्समला दोन्ही बाजूंनी ५० मिमीचे रॅचेट पट्टे. नाकाला विंचच्या पट्ट्याशिवाय वेगळी चेन हवीच, विंच ओढायला असतं, धरून ठेवायला नाही.

हिडकलला खरी अडचण उन्हाळ्यात. पाणी मागे सरतं, उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला आणि खाली लोण्यासारखा. गाडी त्यावर नेऊच नका. गाडी पक्क्या जमिनीवर, ट्रेलर जॉकी व्हीलवर आणि फळ्यांवर, मध्ये १५-२० मीटरचा पाच टनी पट्टा, अशी बोट सोडा आणि तशीच ओढा. ताणणारा नायलॉनचा दोर घेऊ नका, तुटला तर चाबकासारखा येतो. पट्टा ताणात असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये. कारवारला उलट प्रश्न: ओहोटीत रॅम्प जिथे संपतो तिथे पायरी असते. ट्रेलरचं चाक त्यावरून खाली गेलं की आस अडकतो. भरती चढत असतानाच पाण्यात जा.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर ड्रमच्या आतूनही गोड्या पाण्याचा फवारा, त्याच दिवशी.

खानापूर_नाका

बोलेरोचा विषय मिटला. जुन्या ट्रेलरचं काय काय तपासू? आणि कागदपत्रं?

उद्यमबाग_फिटर

टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बोटीच्या ट्रेलरचा टायर झिजत नाही, उभ्या उभ्या वाळून तडकतो. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कोरी दिसली तरी बदला, आणि जड भाराचा, सी लोडचा घ्या. हवा टायरच्या भिंतीवर लिहिलीय त्यानुसार, कारच्या अंदाजानं नाही.

जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर हब उघडा. बेअरिंग, सील, वॉटरप्रूफ ग्रीस नवं. नट चाक फिरवत आवळायचा, मग एक पाकळी मागे, नवी स्प्लिट पिन. जास्त आवळलेलं बेअरिंग पहिल्याच घाटात निळं होतं. बेअरिंग बसवून ग्रीस भरलेला एक आख्खा हब, तुमच्या मापाचा जॅक आणि स्पेअर चाक गाडीत टाका.

वजनकाटा

कागद: ट्रेलरची नोंदणी आरटीओकडे वेगळी, नंबर प्लेट वेगळी. चॅसिस नंबर ठोकलेला नसलेला ट्रेलर घेऊ नका, पुढे नोंदणीला अडतो. इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागू होतो, तेव्हा तीही नोंदणी विचारा. हिडकलची परवानगी धरण सांभाळणाऱ्या कर्नाटक नीरावरी निगमकडून, लेखीच. गेटवरच्या माणसाचं तोंडी ‘चलेल’ पुढच्या शिफ्टला चालत नाही. आणि विमा कंपनीला हिच बसवल्याचं कळवा, पॉलिसीवर तशी नोंद घालून घ्या.