‘पिक्चर बघा, पुस्तकाच्या वाटेला जाऊ नका’ या पोस्टला उत्तर (लांबलं आहे, चहा घेऊन बसा)

शाहूपुरीची वाचक
परवा इथल्याच एका दादांनी लिहिलेलं बहुतेकांनी वाचलं असेल. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा टॉल्किन म्हणजे पानंच्या पानं झाडं, डोंगर आणि न संपणारी गाणी. पीटर जॅक्सननं तीन पिक्चर काढून त्यातला गाळ उपसला म्हणून ते जगाला कळलं. तेव्हा पिक्चर बघा, पुस्तकाच्या वाटेला जाऊ नका. हॅरी पॉटरलाही तेच लागू. खाली बदामांचा पाऊस. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण नाही बसवत.

आधीच सांगते, टॉम बॉम्बाडिल हे पात्र पिक्चरमध्ये गाळलं म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. ग्लोरफिन्डेल या एल्फ सरदाराची कामगिरी अर्वेनला दिली, चालतंय. हेल्म्स डीपच्या लढाईला पुस्तकात नसलेले एल्फ आणून उभे केले, तेही सोडते. पुस्तकात बिल्बोच्या वाढदिवसानंतर नायक फ्रोडो सतरा वर्षं घरीच असतो, पडद्यावर ती कुठे गेली कळतही नाही. काटछाट करावीच लागते, एवढी अक्कल मला आहे.

माझा राग शेवटावर आहे. १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडात ती दुष्ट अंगठी नष्ट झाली तरी गोष्ट संपत नाही. फ्रोडो आणि तीन सोबती असे चौघे घरी येतात तर घर जागेवर नाही. त्यांच्या मुलखात, शायरमध्ये, दुष्ट जादूगार सारुमानचे गुंड बसलेत, झाडं तोडलीत, नवी गिरणी पाण्यात घाण सोडतेय, वाढदिवसाच्या मेजवानीचं ते मोठं झाडसुद्धा आडवं. भला जादूगार गॅन्डाल्फ सोबत येतच नाही, हे तुमचं तुम्ही निस्तरा म्हणून मधूनच वाट बदलतो. मग चौघांतला मेरी शिंग फुंकून गाव उठवतो, आणि फ्रोडो तलवारीला हात न लावता ‘कुणाला मारू नका’ म्हणत फिरतो. सारुमान शेवटी फ्रोडोच्या घराच्या, बॅग एन्डच्या दारात आपल्याच चाकराच्या सुरीनं मरतो. हे सगळं काढून टाकलं की उरतं काय? वाईट माणूस हरला, चला घरी. त्याच्यासाठी टॉल्किन कशाला पाहिजे होता?

रंकाळा_रिटर्न्स
ताई, ते दादा म्हणजे मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तिन्ही पिक्चर मिळून नऊ तास अठरा मिनिटं, तेही थिएटरात लागलेली आवृत्ती धरून. त्यात अजून एक लढाई कुठे कोंबायची? तिसऱ्या भागाला २००४ मध्ये अकरा नामांकनं होती आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाले. ती काय गाळ उपसल्याबद्दल दिली?

आणि घरी परतण्याचं म्हणाल तर जॅक्सननं ते दाखवलंय, तुम्ही बघितलं नाही. चौघे गुत्त्यात बसलेत, शेजारी लोक कुणाच्या तरी भल्याथोरल्या भोपळ्याचं कौतुक करतायत, आणि या चौघांकडं कुणी ढुंकून बघत नाही. ते एकमेकांकडं बघतात, पेले उचलतात. एक शब्द नाही. गाव तसंच आहे, हे बदललेत. तुमच्या त्या अख्ख्या प्रकरणाचं काम तेवढ्यात झालं.

जुना डोअरकीपर
रंकाळावाल्याला सपोर्ट. मी तेव्हा आपल्या इथल्या एका टॉकीजला दारावर होतो. हिंदी डबिंग लागलेलं. अंगठी वितळली, पडदा काळा झाला, की अर्धी पब्लिक उठली. मी दार उघडलं. परत पिक्चर चालू. लोक पायऱ्यांवरच उभे. परत काळा झाला, परत चालले, परत चालू. शेवटी एक पैलवान गडी मलाच म्हणाला, “अवो, एकदा काय ते नक्की करा की.” अन् तुम्हाला अजून लढाई पायजे? लोकांनी खुर्च्या फाडल्या असत्या.

शाहूपुरीची वाचक
काका, वाचून लई हसले. पण हे माझ्याच बाजूनं बोलतंय. लोक उठले कारण पिक्चरनं त्यांना नऊ तास हेच शिकवलं, की अंगठी गेली म्हणजे झालं. पुस्तक वाचणारा तिथं उठत नाही.

भोपळ्याचा सीन चांगला आहे, बरं का. पण तो उलटा आहे. टॉल्किन म्हणतो की तुम्ही बाहेर लढत होता तेव्हा तुमचं अंगणही शाबूत राहिलेलं नाही. पिक्चर म्हणतो अंगण शाबूत आहे, तुम्हीच जरा उदास झालाय. हा काय बारीक फरक झाला?

रॉनची मावशी
तुमचं ते अंगण चालू दे, माझं हॅरी पॉटरच्या दोस्ताचं, रॉनचं गाऱ्हाणं कुणीतरी ऐका. तिसऱ्या पुस्तकात पाय मोडलेला असताना रॉन उठून उभा राहतो आणि म्हणतो, हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारा. पिक्चरमध्ये ते वाक्य कुणाला? त्यांच्या मैत्रिणीला, हर्मायनीला! रॉन आपला पलंगावर विव्हळतोय. आठ पिक्चर असंच. याचं शहाणपण तिला, याचं धाडस तिला, आणि याला फक्त कोळ्यांची भीती आणि तोंडात कोंबडीची तंगडी. माझा भाचा पिक्चर बघून मला विचारतो, “मावशी, रॉन त्यांच्यात कशाला आहे?” काय सांगू त्याला?

अभ्यासू_कावळा
मावशी बरोबर. आणि पाचवं पुस्तक सगळ्यांत जाड, त्याचा पिक्चर मात्र तोवरच्या पाचांत सगळ्यांत आखूड. शाळेतलं ते खोडकर भूत पीव्हज तर आठही भागांत नाही. त्याचे सीन पहिल्या पिक्चरच्या वेळी शूट केले होते, कापून टाकले.

कॅमेऱ्यामागचा
हिशेब तपासनीस जमलेत सगळे. पहिले दोन पॉटर पुस्तकाबरहुकूम होते, म्हणून काय झाले? शाळेच्या गॅदरिंगसारखे. २००४ मध्ये दिग्दर्शक कुआरोननं तिसरा केला, बिनधास्त गाळलं, म्हणून त्यात पहिल्यांदा हवा खेळली. तिसऱ्यातला तो जादूचा नकाशा कुणी बनवला हे सांगायचं राहिलं, हो, ती चूकच. पण पुस्तकाला दंडवत घालून पिक्चर होत नसतो.

आणि हे या कोल्हापुरात सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. ज्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, त्यांनी १९२३ मध्ये ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून ‘सिंहगड’ काढला. मूकपट! आपट्यांचा एक संवाद प्रेक्षकाच्या कानावर पडला नाही. व्ही. शांताराम त्यात शेलारमामा होते. तेव्हा कोण पुस्तक उघडून ओळी जुळवत बसलं होतं का?

कोथरूडहून
पेंटरांबद्दल आदर आहेच, पण रूपांतर म्हणून जे जगानं पाहिलं ते ‘संत तुकाराम’, १९३६, व्हेनिसला गाजलेलं. आणि ते प्रभात फिल्म कंपनीनं पुण्यात केलं. फक्त नोंद.

जयप्रभा_गल्ली
आली नोंद! कुणी विचारलं नव्हतं तरी आली. भावा, प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम सगळे पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, मराठीतला पहिला बोलपट, तो इथला. शिकली इथं, नाव तुमचं.

कोथरूडहून
मग १९३३ मध्ये सोडून का गेली? कुणी ढकललं नव्हतं ना.

जयप्रभा_गल्ली
ती गेली म्हणून इथला धंदा बसला नाही, हे बघा आधी. भालजी पेंढारकरांनी इथंच काढले पिक्चर. १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओ राख झाला, तरी गडी पुण्या-मुंबईला पळाला नाही, परत उभा केला. तुमच्याकडं प्रभातच्या जागेवर सरकारी संस्था आली म्हणून ती जागा जपली गेली, त्यात तुमचं कर्तृत्व काय?

कोथरूडहून
भाषा सांभाळा. मी साधं तारखेचं विधान केलं होतं. बाकी कोल्हापुरात कुठलीही चर्चा पाचव्या उत्तरात पेंटरांवर येते हे मी ऐकून होतो, आज पाहिलं.

रॉनची मावशी
आणि पुण्यात कुठलीही चर्चा ‘फक्त नोंद’वर येते.

जुना डोअरकीपर
😂😂 मावशी, नाद खुळा.

जयप्रभा_गल्ली
भाषा मी सांभाळतो, तुम्ही इतिहास सांभाळा. अन् पाचव्या नाही, सातव्या उत्तरात आले पेंटर. एवढी नोंद करून घ्या.

ओस्गिलियथ_नाका
स्टुडिओ कुठला कुणाचा ते झालं असेल तर टॉल्किनच्या फॅरामिर सरदारावर या. पुस्तकात तो अंगठीबद्दल म्हणतो, ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. पिक्चरमध्ये तोच माणूस फ्रोडोला बांधून ओस्गिलियथ शहरापर्यंत फरफटत नेतो. अख्ख्या पुस्तकात एक माणूस असा होता ज्याला मोह झाला नाही, त्यालाही मोह लावला. आणि आपल्या इमानी सोबत्याला, सॅमला जिन्यावरून घरी पाठवणारा फ्रोडो? पुस्तकात असलं काही घडत नाही. याला गाळ उपसणं म्हणत नाहीत, दादा, हा गाळ टाकलाय.

रंकाळा_रिटर्न्स
फॅरामिरचं कारण पिक्चर लिहिणाऱ्यांनी स्वतः सांगितलंय. दोन पिक्चर अंगठी सगळ्यांना नासवते म्हणून दाखवायचं, आणि मग एकजण येऊन ‘नको मला’ म्हणाला की अंगठीची भीती तिथंच संपली. शिवाय त्या राक्षसी कोळ्याचा, शेलॉबचा प्रसंग तिसऱ्या भागात सरकवलेला, म्हणजे दुसऱ्याच्या शेवटाला फ्रोडोकडं काहीतरी पाहिजेच. कागदावर चालतं ते पडद्यावर चालत नाही. सॅमला घरी पाठवलं ते मलाही पटत नाही, घ्या, खूश?

ओस्गिलियथ_नाका
प्रसाद मिळाला. धन्य झालो.

शाहूपुरीची वाचक
मी मघाशी लिहिणार नव्हते, पण ‘झाडं-डोंगरांची पानं’ हे मला फार लागलंय म्हणून लिहिते. माझं माहेर कागलच्या बाजूचं. गावाकडं वळणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वडाची झाडं होती, आत शिरलं की दुपारीही अंधार. नोकरीला बाहेर होते तेव्हा रस्ता रुंद झाला. मी आले तर आमचा फाटाच मला ओळखू येईना, एसटी पुढं गेली आणि मी पुढच्या गावात उतरले. त्याच सुट्टीत तो तिसरा खंड वाचत होते. सॅम परत येतो आणि तोडलेली झाडं बघून रडतो, तिथं मी पुस्तक मिटून ठेवलं.

टॉल्किननं प्रस्तावनेत लिहिलंय, की तो लहान होता तो मुलूख त्याच्या वयाच्या दहाव्या वर्षाआधीच उद्ध्वस्त होत होता. आधी पानंच्या पानं झाडं दाखवली नसती, तर ती तोडलेली बघून कुणाला काय वाटलं असतं?

रंकाळा_रिटर्न्स
ताई, तुमचं सगळं खरं असेल. पण तुम्ही एक धरून चालता, की पुस्तक सगळ्यांना उघडं आहे. माझं शिक्षण मराठी शाळेत, बारावीला इंग्रजीत उडालो, नंतर वर्कशॉपला लागलो. शिरोलीला तीन पाळ्यांत काम. लायब्ररीतून तो जाड ठोकळा आणला होता एकदा, दहा पानांत चाळीस शब्द अडले. परत केला. मग रात्रपाळी संपवून हिंदीत पिक्चर बघितला. सॅम म्हणतो ना, तुमचं ओझं मला उचलता येत नाही पण तुम्हाला उचलता येतं, तिथं मी रडलोय. त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की हे खरं नाही, खरं पुस्तकात आहे, तर मी त्याला काय म्हटलं असतं ते इथं लिहिता येत नाही.

पोस्ट जरा चढवून लिहिली, ती त्याच रागात. ‘पिक्चर काय बघता, मूळ वाचा’ म्हणणारे सगळे इंग्रजी माध्यमातले असतात.

अभ्यासू_कावळा
हे आता जातीवर न जाता माध्यमावर गेलं.

शाहूपुरीची वाचक
कावळे, तू गप्प बस जरा.

दादा, मीही मराठी माध्यमातलीच. पण तुमचा मुद्दा आहे, नाही म्हणणार नाही. फक्त त्यावर ‘मला वाचता आलं नाही’ असं लिहायचं होतं, ‘वाचण्यासारखं नाही’ असं नव्हे. मुग्धा कर्णिकांनी मराठीत केलंय सगळं, ‘स्वामी मुद्रिकांचा’ नावानं. आता सबब नाही.

कॅमेऱ्यामागचा
म्हणजे भाषांतर चालतं, पण पडद्यावर आणलेलं चालत नाही. वा.

शाहूपुरीची वाचक
भाषांतरात शायर जळतं हो. गाळलेलं नाही.

रंकाळा_रिटर्न्स
बरं. वाचतो. पोरगी दहावीत आहे, तिलाही देतो, ती माझ्यापेक्षा लवकर संपवेल. पण तुम्हीही तिसरा पिक्चर परत बघायचा आणि भोपळ्याच्या सीनला मोबाईल खाली ठेवायचा.

शाहूपुरीची वाचक
बघेन, पण लांब आवृत्ती. तुमच्या थिएटरवाल्या तिसऱ्या भागात सारुमान दिसतसुद्धा नाही. त्याचं काम करणारे क्रिस्टोफर ली केवढे दुखावले होते त्यावरून. लांब आवृत्तीत निदान मरतो तरी.

रंकाळा_रिटर्न्स
मरतो, पण मनोऱ्यावरून पडून. बॅग एन्डच्या दारात नाही. आता पुढचं तुम्ही लिहायच्या आत मी जेवायला जातो.