बाळकाकांचं लॉगबुक वाचायला मदत हवी आहे

प्रश्न : मंगळवार पेठेची लेक

नमस्कार. मी मूळची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, आता राजारामपुरीत असते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ लढाऊ विमानांना निरोप दिला, तो कार्यक्रम मी वडिलांजवळ बसून टीव्हीवर बघितला. वडील ८८ वर्षांचे आहेत, नजर जवळजवळ गेली आहे. आवाज ऐकून म्हणाले, "बाळची ट्रंक काढ." ती ट्रंक माळ्यावरून उतरायला मला पुढं किती महिने लागले ते सांगत नाही. पण आता उतरली आहे.

बाळकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. हवाई दलात होते, मिग उडवायचे. आसामात विमानासकट गेले, तेव्हा मी सातवीत होते. घरात हार घातलेला फोटो आहे, पण फोटोतला तो ताठ बसलेला माणूस आमचा काका वाटतच नाही. आमचा काका सुट्टीवर आला की पहाटे चारला रंकाळ्यावर पोहायला, तिथून ओल्या केसांनी गंगावेशीत दूध कट्ट्यावर. समोर काढलेल्या धारेचे तीन ग्लास उभ्यानं प्यायचे, ग्लास खाली ठेवायचा, टाचा जुळवायच्या आणि म्हशीला कडक सलाम ठोकायचा. चेष्टा म्हणून नव्हे. "तिनं दिलंय म्हणून प्यायलो," एवढंच म्हणायचा. गवळी आधी हसायचे, मग तेही गंभीर व्हायचे.

चपला घ्यायला गेला की दुकानदाराचा अर्धा दिवस जायचा. माप नाही, रंग नाही, करकर ऐकायची. एक जोड घालून चालायचा, डोळे मिटून उभा राहायचा, दुसरी घालायचा. "डावी जरा उशिरा वाजतीया," असं म्हणून परत द्यायचा. लहानपणी सायकल मारत उजळाईवाडीला जाऊन धावपट्टीच्या कडेला बसायचा आणि विमान दिसायच्या आधी आवाजावरून ओळखायचा, असं आजी सांगायची. कान तिथंच तयार झाला असणार.

आणि ढग. पावसाळ्याच्या तोंडावर आम्हा पोरांना माडीवर नेऊन उताणं झोपवायचा आणि ढग दाखवायचा. खाली सपाट, वर फुगत फुगत गेलेला, माथा ऐरणीसारखा पसरलेला ढग दिसला की आवाज एकदम खाली यायचा. "ह्यो पैलवान हाय. खासबागेत बसून बघायचा. ह्याच्याशी कुस्ती धरायची नाही, लांबनं वळसा घालून जायचं." मी आजही तसला ढग बघितला की रस्ता ओलांडताना थांबते.

ट्रंकेत करकरीच्या चपला, एक बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि हे निळं लॉगबुक, म्हणजे काकाची उड्डाणांची नोंदवही आहे. डब्यात तो कांदा-लसूण चटणी न्यायचा, मेसमधल्या आचाऱ्याच्या हातात द्यायचा नाही, स्वतः चमच्यानं वाढायचा म्हणे. सामान घरी आलं तेव्हा डबा अर्धा भरलेला होता. आजीनं त्याच चटणीचा रस्सा केला, सगळ्यांना पंगतीला बसवलं आणि कुणाला उठू दिलं नाही.

आता लॉगबुकाबद्दल. अक्षर सुंदर आहे, पण कळत काही नाही. विमानाच्या रकान्यात 'टी-७७' आणि मधूनमधून 'टी-६६' आहे, मिग हा शब्द कुठंच नाही. वेळ बघावी तर ३५ मिनिटं, ४० मिनिटं. एवढ्याशा वेळात काय होतं? काही ओळी लाल शाईत का? आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी 'डीसीओ' अशी इंग्रजी तीन अक्षरं आहेत. शेवटची ओळ दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आहे. जाणकारांनी कृपया सांगावं. वडिलांना समजावून सांगायचं आहे.

उत्तर : निवृत्त फिटर, कागल

ताई, मी हवाई दलात विमानाच्या सांगाड्याचं काम केलं, बरीच वर्षं मिगवरच. तुमच्या काकांना मी पाहिलं नाही, पण ह्या वहीतली भाषा माझी आहे.

'टी' म्हणजे टाईप. टाईप ७७ हे मिग-२१ एफएल. आम्ही कुणी मिग म्हणत नव्हतो, सत्याहत्तरच म्हणायचो. ओझरला, आपल्या नाशिकजवळ, हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ही बांधली. टाईप ६६ हे दोन जागांचं, शिकवण्या-तपासण्याचं. तुम्ही टीव्हीवर पाहिलीत ती बायसन, म्हणजे मिग-२१ चाच सुधारलेला प्रकार, बरीच नंतरची. सत्याहत्तर २०१३ च्या डिसेंबरातच पश्चिम बंगालात कलाईकुंड्याच्या हवाई तळावर निवृत्त झाली.

३५ मिनिटं कमी वाटली ना? त्या विमानात इंधन थोडं आणि इंजिन खादाड. आफ्टरबर्नर, म्हणजे जादा इंधन जाळून मिळणारा जोर, लावला की इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. त्या ३५ मिनिटांत वर जायचं, ठरलेला सराव करायचा आणि परतीपुरतं राखून यायचं. उतरताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, मागून छत्री उघडते तेव्हा आवरतं. ती छत्री घडी करून बसवणारी आमची पोरं असायची. घडी चुकली तर काय, हे त्यांना सांगावं लागायचं नाही. त्रिकोणी लहान पंख, त्यामुळं इंजिन थांबलं तर हे विमान तरंगत नाही. एवढं लिहितो, पुढचं तुम्ही समजून घ्या.

लाल शाई म्हणजे रात्रीचं उड्डाण. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि वरिष्ठांची सही असेल, तीही वाचून दाखवा, त्यात एकूण तास कळतील.

डीसीओ म्हणजे 'ड्यूटी कॅरीड आउट'. सांगितलेलं काम पूर्ण केलं. हवामानामुळं किंवा बिघाडामुळं अर्ध्यातून परत आलं तर तसं लिहायचं नाही. शेवटची ओळ वैमानिक स्वतः लिहू शकत नाही, म्हणून स्क्वाड्रनमधला, म्हणजे त्याच्या तुकडीतला, कुणीतरी लिहितो. मी एकदा एका साहेबांना ती लिहिताना पाहिलंय. दोनदा पेन खाली ठेवलं त्यांनी.

चपलांचं वाचून मात्र तुमचे काका ओळखीचे वाटले. काही वैमानिक इंजिन चालू झालं की समोरच्या काट्यांआधी कानानं तपासायचे. "आज हिचा घसा बसलाय" म्हणायचे आणि खरोखर काहीतरी सापडायचं. अशा माणसाचं विमान तयार करताना आमचे हात जास्त जपून चालायचे.

उत्तर : गंगावेशकर

म्हशीला सलाम करणारा माणूस! अहो, मी बघितलंय त्यांना. माझे वडील कट्ट्यावर म्हशी आणायचे, मी आठ-नऊ वर्षांचा असेन. उंच, ओले केस, खाकी हाफ पँट. आमच्या एका म्हशीनं एकदा लाथ मारली, बादली सांडली. वडील तिला मारायला धावले तर हे मध्ये उभे राहिले. म्हणाले, "मामा, आवाज ऐका की तिचा, कास दुखतीया." खरंच सडाला जखम निघाली. सांडलेल्या दुधाचे पैसे द्यायला लागले, वडिलांनी घेतले नाहीत.

ते पायलट होते हे आम्हाला माहीतच नव्हतं. आमच्यात त्यांना 'सलामवाले' म्हणायचे. एका वर्षी ते आले नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. बदली झाली असेल असं वडील म्हणायचे. आज कळलं. वडील आता नाहीत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.

उत्तर : जुनी कागदपत्रं जपणारा

एकच विनंती, वहीला लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. सावलीत ठेवून फोटो काढा, ॲसिड नसलेल्या कागदात गुंडाळा. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर काढा.

मंगळवार पेठेची लेक

फिटरदादा, तुमचं उत्तर मी वडिलांना तीनदा वाचून दाखवलं. 'सत्याहत्तर' हा शब्द ऐकल्यावर ते उठून बसले. काका पत्रात "सत्याहत्तर बरी आहे" असं लिहायचा आणि आजी बरीच वर्षं समजत होती की तिकडं कुणीतरी म्हातारी आजारी आहे. ती तिच्यासाठी अंबाबाईला ओटी भरून यायची.

गंगावेशकर, तुमच्या वडिलांची हकीकत आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. काका घरी येऊन बोललाच नाही. वडिलांनी तुम्हाला चहाला बोलावलंय, याच.

डांबरगोळ्या काढल्या. चपला पुसून तेल लावलं. डावी खरंच जरा उशिरा वाजते, म्हणजे ही जोड त्यानं घाईत घेतली असणार.

आता रोज संध्याकाळी दिवा लावला की मी दहा ओळी वाचते. तारीख, विमानाचा नंबर, किती मिनिटं. डीसीओ आलं की वडील मला ते म्हणू देत नाहीत, स्वतःच म्हणतात, "काम झालं." परवा एका ओळीला ती अक्षरं नव्हती, पुढं 'हवामान' एवढंच होतं. वडील म्हणाले, "पैलवान आडवा आला असंल. वळसा घालून आला घरी." आणि पुढची ओळ वाच म्हणाले.

अजून बावीस पानं आहेत.