विषय: १९६८ सालचं घर, वायरिंग सगळं बदलायचं का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये १९६८ साली बांधलेलं घर आम्ही घेतोय. इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात लिहिलंय, 'घरातलं वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, इलेक्ट्रिशियनला दाखवा.' एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, सगळं उपटून तांब्याचं घाला. दुसरा म्हणाला, पन्नास वर्षं चाललंय, पुढेही चालेल. क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर ताब्यात यायला, तीन आठवडे उरलेत आणि आमचं बाळ दोन वर्षांचं आहे. कुणाचं ऐकू?

*

तुझा मेल वाचून लगेच लिहायला बसलो, कारण त्याच काळातल्या घरात आम्ही बावीस वर्षं राहतोय. माझ्या मते दोघांचंही ऐकू नकोस.

भिंतीतून गेलेली वायर सहसा दगा देत नाही, दगा देतो तो जॉइंट. साठच्या दशकात तांबं महागलं, म्हणून साधारण १९६५ ते १९७३ या काळात इथल्या बऱ्याच घरांत १५ आणि २० अँपिअरच्या सर्किटांना अ‍ॅल्युमिनियमची वायर घातली गेली. हा धातू तापला की तांब्यापेक्षा जास्त फुगतो, स्क्रूखाली दाबून ठेवला की हळूहळू पसरतो, आणि हवेने त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, ज्यातून वीज धड जात नाही. जॉइंट सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. करंट मर्यादेतच असल्यामुळे ब्रेकर पडत नाही. म्हणून 'इतकी वर्षं चाललं' याने मला तरी धीर येत नाही.

१९७४ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या हॅम्प्टन बेजमध्ये घराला आग लागून दोन माणसं गेली. कारण निघालं सॉकेटमागचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉइंट. इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार, १९७२ पूर्वी तयार झालेली अशी वायर असलेल्या घरात एखादा तरी जॉइंट आगीच्या धोक्यापर्यंत पोचण्याची शक्यता तांब्याचं वायरिंग असलेल्या घराच्या ५५ पट असते.

आमच्याकडे ते हिवाळ्यात कळलं. बेडरूममध्ये १५०० वॅटचा हीटर लावायचो, म्हणजे इथल्या १२० व्होल्टवर रात्रभर साडेबारा अँपिअर. एकदा दिवा जरा लुकलुकला. सॉकेटच्या प्लेटला हात लावला तर ती गरम. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनने सॉकेट बाहेर ओढलं. स्क्रूपाशी प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं आणि वायरवरचं आवरण बोट लागताच तुकडे होऊन पडलं. भिंतीपलीकडे मुलीचा पलंग होता.

आम्ही स्वयंपाकघर आणि लाँड्रीचं वायरिंग नवीन तांब्याचं केलं, कारण तिथे लोड जास्त आणि भिंती तशाही उघडायच्या होत्या. बाकी घरात प्रत्येक जॉइंटला तांब्याचं छोटं टोक जोडून घेतलं. त्याच्या दोन पद्धती आहेत. कोपॅलममध्ये खास यंत्राने दोन्ही वायरी दाबून एकजीव करतात, ते काम प्रशिक्षण घेतलेलाच इलेक्ट्रिशियन करू शकतो. अ‍ॅल्युमिकॉनमध्ये प्रत्येक वायर स्वतंत्र स्क्रूखाली, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने ठरलेल्या मापानेच आवळावी लागते. वायरींच्या टोकांवर पिळून बसवायच्या जांभळ्या टोप्या स्वस्त पडतात, पण आयोग त्यांना कायमचा उपाय मानत नाही. कुणी फक्त सॉकेटं बदलून देतो म्हणाला तरी हो म्हणू नकोस. स्विच, सॉकेट, छतातले दिवे, बंद पडलेले जंक्शन बॉक्स (वायरी जोडायचे डबे), एकूण एक जॉइंट झाला पाहिजे. म्हणून कोटेशन घेताना पहिला प्रश्न विचार, 'बॉक्स किती मोजलेत?' दुसरा, 'परमिट काढणार ना?' आणि कृपा करून जावईबापूंना स्वतः बॉक्स उघडू देऊ नकोस.

*

काकांचं अगदी पटलं. फक्त एक भर घालते, म्हणजे याहून जुनं घर घेणाऱ्यांचा गैरसमज नको. मॉन्टक्लेअरचं आमचं घर १९२० च्या दशकातलं. अ‍ॅटिकमध्ये चिनीमातीच्या गुंड्यांवरून दोन सुट्या वायरी गेलेल्या, अर्थिंग नाहीच. त्या मोकळ्या हवेवर थंड राहतात. आमच्या आधीच्या मालकांनी त्यांच्यावरच घर उबदार ठेवणारं इन्सुलेशन पसरलं होतं. विमा कंपनीने पॉलिसी द्यायला नकार दिला, तेव्हा हे उजेडात आलं. तिथे जॉइंट दुरुस्त करून भागलं नसतं. आम्ही सगळं बदललं. दोन महिने घरभर धूळ होती, पण आता निर्धास्त झोपतो.

*

काका, वहिनी, मनापासून आभार. काल मालकांच्या परवानगीने आम्ही दोघं टॉर्च घेऊन अ‍ॅटिकमध्ये गेलो. केबलच्या आवरणावर 'अ‍ॅल्युमिनियम' असं छापलेलं स्पष्ट दिसलं. खोल्याखोल्यांतून फिरून मोजलं तर दिसणारेच बॉक्स ६८ भरले. अ‍ॅल्युमिकॉनचं काम करणारा इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. त्याच्या कोटेशनवरून मालकांशी किंमत बोलणार आहोत. काका, रिपोर्टातल्या फोटोत मीटरपासून पॅनेलपर्यंतची जाड केबलही अ‍ॅल्युमिनियमची दिसते. तीही काढायची का?

*

नाही गं. तशी जाड केबल आज नव्या घरांतही घालतात, तिचं दुखणं वेगळं. तिची पॅनेलमधली टोकं घट्ट आहेत का आणि गंज चढलाय का, एवढं त्याला शनिवारी बघायला सांग. आणि काम होईपर्यंत बाळाच्या खोलीत हीटर लावू नका.