नाशिक सोडून पुण्यात कायमची रात्रपाळी: जावं की नाही?

इंदिरानगरवाली (सोमवार, रात्री ९.५०)

वय २७, बी.कॉम. अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला चार वर्षं झाली. हातात येतात २३,५००. मागच्या वर्षीची पगारवाढ सांगायला लाज वाटते, ८०० रुपये.

हिंजवडीतल्या एका कंपनीकडून ऑफर आलीय. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं आणि विम्याचे क्लेम बघायचे. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, कायम. पॅकेज ५ लाख ४० हजार. शुक्रवारी हो-नाही कळवायचंय.

घरी आई-बाबा आणि बारावीतला भाऊ. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. स्थळं बघणं सुरू आहे आणि आईच्या मते रात्रपाळी म्हटलं की स्थळ दारातूनच परत जातं. बाबा म्हणतात तुझं तू ठरव, जे ऐकायला बरं वाटतं पण उपयोगाचं नसतं.

स्पष्ट बोला. गोड बोलणारे घरी आहेत.

तिसरी पाळी (सोमवार, रात्री १०.२०)

जाऊ नकोस. सातपूरला २२ वर्षं पाळ्या केल्यात, त्या हिशोबाने सांगतो.

रात्री जागणं कोणालाही जमतं. गणपतीत जागतो, लग्नात जागतो. अवघड असतं ते दिवसा झोपणं. मी सकाळी साडेसातला आडवा व्हायचो आणि नऊपासून सुरू व्हायचं: भाजीवाला, मग भंगारवाला, मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, मग कुरिअर. तरी मी २२ वर्षं झोपलो, कारण बायको बेलचं बटण काढून ठेवायची आणि पोरांना आतल्या खोलीत गप्प बसवायची. दिवसाची झोप आपली नसते, ती घरच्यांनी दिलेली असते. पीजीत तुला ती कोण देणार? शेजारच्या कॉटवरची मुलगी सकाळी सातला हेअर ड्रायर लावणार आणि तिचं काही चुकणारही नाही.

हिंजवडी रिटर्न (सोमवार, रात्री १०.४५)

काकांचा मान ठेवून: त्यांची पाळी दर आठवड्याला फिरायची, हिची कायम एकच. दोन्हींत फरक आहे. फिरत्या पाळीत शरीराला दर सोमवारी नवीन गावात गेल्यासारखं होतं. एकाच वेळेला जुळवून घेता येतं. मी तीन वर्षं केलं. दुसऱ्या वर्षाअखेर टीम लीड झालो, मग दिवसाच्या प्रोसेसला बदली, आता नाशिकमधून घरूनच काम करतो. अंबडला बसलो असतो तर अजून टॅलीत व्हाउचरच टाकत असतो.

८०० रुपये पगारवाढ हेच तुझं उत्तर आहे. जा.

वजाबाकी (सोमवार, रात्री ११.३०)

जा म्हणायच्या आधी पाटी घ्या.

५.४० लाख म्हणजे महिना ४५,०००. यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून देतात तो भाग, बहुतेक १० टक्के असेल, ते दरमहा मिळत नाही. उरले ४०,५००. बेसिक २०,००० धरा. कंपनीचा पीएफ २,४०० आणि ग्रॅच्युइटी साधारण ९६० पॅकेजमध्येच मोजलेली असते. मग तुझा पीएफ २,४००, व्यवसाय कर २००, थोडं विम्याचं. हातात ३४,०००च्या आसपास. एवढ्या पगारावर आयकर लागणार नाही, तेवढंच सुख. नाईट अलाउन्स वेगळा मिळतो की पॅकेजमध्येच बसवलाय, ते विचार.

आता खर्च. वाकड-हिंजवडीला दोघींच्या खोलीत जेवणासकट ९,५०० तरी जातील. महिन्यातून दोनदा नाशिक म्हणजे चार प्रवास, २,०००. बाकी वरखर्च ४,५००. उरले १८,०००.

नाशकात २३,५०० मधून पेट्रोल २,००० आणि वरखर्च ३,५०० काढ. उरले १८,०००.

म्हणजे दुप्पट वाटणाऱ्या पगाराच्या नोकरीत शिल्लक तेवढीच. वर झोप गेली. आणि काका म्हणतात त्या झोपेसाठी एकटीची खोली घेतलीस, तर पाचेक हजार अजून गेले.

हिंजवडी रिटर्न (सोमवार, रात्री ११.५०)

दोन्हीकडचा मिळून महिना ४,८०० पीएफ जमतो, तो कुठे गेला तुमच्या पाटीवर? आणि हा हिशोब पहिल्या वर्षाचा. तिसऱ्या वर्षाचा मांडा की.

वजाबाकी (सोमवार, रात्री ११.५८)

पीएफ राहिला, मान्य. पण अंबडलाही तिचा पीएफ कापला जात असणार, मग दोन्हीकडे धरा. तिसऱ्या वर्षाचं मी मांडत नाही, कारण ते तुमचं झालं म्हणून तिचं होईल असं नाही. तुमच्या बॅचमधले किती जण लीड झाले?

हिंजवडी रिटर्न (मंगळवार, रात्री १२.०५)

अठरापैकी तीन. पाच-सहा पहिल्याच पावसाळ्यात परत गेले. खोटं कशाला बोलू.

नाईट ड्यूटी सिस्टर (मंगळवार, सकाळी ८.४०)

आत्ता ड्यूटीवरून येऊन वाचतेय. सोळा वर्षं नर्स आहे, नाशिकमध्येच.

आधी भीतीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. कोणीतरी ते इथे चिकटवणारच, म्हणून मीच सांगते. त्याच गटात लाल मांस आहे आणि ६५ अंशांच्या वरचा कडक गरम चहाही आहे. पुरावा किती पक्का आहे हे तो गट सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. दुर्लक्ष करू नये, घाबरून पळूही नये.

माझ्या अनुभवाचं: पहाटे तीन ते पाच ही खरी वेळ. तेव्हा अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं, थंडी वाजते, चुका तेव्हाच होतात. तुझी शिफ्ट साडेतीनला संपतेय, म्हणजे सूर्य उगवायच्या आत तू अंथरुणात असशील. आम्हाला सकाळचं ऊन डोळ्यांवर घेत घरी यावं लागतं आणि मग झोप उडते. त्या मानाने तुझी वेळ बरी आहे. पहाटे साडेचार ते साडेअकरा झोप, रोज, सुट्टीच्या दिवशीही. मध्यरात्रीनंतर चहा नाही. ऑफिसात फुकट मिळतं म्हणून रात्री दोनला पिझ्झा नाही.

आणि आईला सांग, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर रात्री उशाशी जी बसेल ती नर्सच असेल. तिचं लग्न झालेलं असेल, पोरंही असतील. तेव्हा कोणाला रात्रपाळी खुपत नाही.

काळाराम परिसर (मंगळवार, सकाळी १०.१५)

नर्सचं काम सेवेचं आहे, हे परक्यांचं बिलं तपासायचं. तुलना नको. मुलीच्या जातीने पहाटे चारला गाडीतून उतरायचं, सोसायटीचा वॉचमन बघणार. आमच्या वेळी असं नव्हतं. नाशकात काय उपाशी मरतंय कोणी?

नाईट ड्यूटी सिस्टर (मंगळवार, सकाळी १०.२२)

वॉचमन पण रात्रपाळीच करतोय काका.

निफाडचा बागायतदार (मंगळवार, दुपारी १.१०)

हसू येतं राव. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत निफाडचा पारा खाली गेला की बातमी होते, तेव्हा आम्ही रात्री दोनला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन चाललेलो असतो, पायाखाली चिखल आणि मनात बिबट्या. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या त्या वेगळ्या. अलाउन्स नाही, कॅब नाही, पीएफ नाही. आणि मुलगा शेती करतो म्हणून स्थळ परत जातं ते जातंच.

ताई, एसीत बसून रात्र काढायचे ३४ हजार मिळत असतील तर माझाही बायोडाटा पाठव.

बिटको पॉइंट (मंगळवार, दुपारी ३.३०)

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. साडेसहा ते साडेतीन ही उन्हाळ्याची वेळ. अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये घड्याळं एक तास मागे करतात, मग तुमची शिफ्ट साडेसात ते साडेचार होते, थेट मार्चपर्यंत. सिस्टरांनी दिलेलं वेळापत्रक तेवढं सरकवा. सुट्ट्याही तिकडच्या असतात. लक्ष्मीपूजनाला लॉगिन आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी काहीही कारण नसताना घरी बसलेले, असं माझ्या भावाचं चालतं. आईचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे ना? रुजू होऊन सहा महिने होईपर्यंत रजा जमतात का, बघून ठेव.

लेखी द्या (मंगळवार, सायंकाळी ६.०५)

मी आस्थापना विभागात काम करते, कुठे ते सोडा. काळाराम परिसर यांच्या बोलण्यातला काळजीचा भाग खरा आहे, बाकीचा नाही.

२००७ मध्ये पुण्यात कॉल सेंटरला जाणाऱ्या मुलीवर कंपनीच्याच कॅबमध्ये अत्याचार झाले आणि तिचा खून झाला. त्यानंतर कॅबचे नियम कडक झाले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलेला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती दिली तर सुरक्षितता आणि दारापर्यंत वाहन ही मालकाची जबाबदारी. दारापर्यंत हा शब्द लक्षात ठेव. 'नोडल पॉइंटला सोडतो' म्हणजे दार नव्हे.

शुक्रवारपर्यंत मेलवर विचार: कॅब पीजीच्या दारात येते का? शेवटची उतरणारी मुलगी असेल तर गाडीत गार्ड असतो का? मधेच नोकरी सोडली तर ट्रेनिंगचे पैसे मागणार का? नोटीस किती दिवसांची? फोनवर दिलेलं उत्तर उत्तर नसतं.

तिसरी पाळी (मंगळवार, रात्री ८.४०)

हे सगळं ठीक. पण पाटीवर महिन्यातून दोनदा नाशिक धरलंय, त्याचं काय? पुण्याला थेट रेल्वेमार्ग अजून कागदावरच. दोनशेच्या वर किलोमीटर, चाकणच्या गर्दीत अडकलं की सहा तास. शनिवारी पहाटे शिफ्ट संपवून नाशिक फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहणार, दुपारी घरी पोचणार, आई पुरणपोळी करून बसलेली, मग झोपायचं की जेवायचं? रविवारी रात्री माणसासारखं झोपायचं आणि सोमवारी परत उलटं. सिस्टर म्हणतात सुट्टीलाही तेच वेळापत्रक पाळ. घरी येऊन दुपारी बारापर्यंत झोपलेली मुलगी कोणत्या आईला बघवते?

हिंजवडी रिटर्न (मंगळवार, रात्री ९.१०)

हे मात्र काका बरोबर बोलले. मी शेवटी महिन्यातून एकदाच यायचो आणि आल्यावरही रात्री तीनपर्यंत एकटाच टीव्ही बघत बसायचो, आवाज बंद करून. तीन वर्षांत घरच्यांशी नीट बोलणं झालं ते संध्याकाळी पाच ते सहा, फोनवर. वडिलांना दुसऱ्यांदा अॅडमिट केलं होतं ते मला चार दिवसांनी कळलं, कारण त्यांनी फोन केला तेव्हा मी झोपलेलो होतो आणि मी केला तेव्हा ते. तरीही मी जा म्हणेन. पण हे लिहायला हवं होतं, आधी लिहिलं नाही.

वजाबाकी (मंगळवार, रात्री ९.३०)

हेच मला पाटीवर मांडता येत नव्हतं.

इंदिरानगरवाली (बुधवार, रात्री १०.१५)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आज मेल केला, उत्तरही आलं.

व्हेरिएबल १२ टक्के, म्हणजे वजाबाकी यांच्या हिशोबापेक्षाही हातात कमीच. नाईट अलाउन्स पॅकेजमध्येच. कॅब पहाटे दारापर्यंत, गार्डही आहे, पण जाताना संध्याकाळी आपलं आपण. ट्रेनिंगचा बाँड नाही. नोटीस ६० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत रजा नाही, आणि आईचं ऑपरेशन नेमकं त्यातच येतं.

त्यावर मी रुजू होण्याची तारीख ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मागितलीय. दिली तर जाईन, एकटीची खोली घेऊन, शिल्लक कमी पडली तरी. नाही दिली तर अंबड आहेच, ८०० रुपयांसकट. काळाराम काका, वॉचमनला मी स्वतः सांगेन कुठून येतेय ते.

आईला सगळा धागा वाचून दाखवला. सिस्टरांचं ऐकून काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या बाई सोळा वर्षं नाईट करतात तर त्यांच्या घरी सकाळचा डबा कोण करतं?

नाईट ड्यूटी सिस्टर (बुधवार, रात्री १०.४०)

सासूबाई. त्यांना पहिली दोन वर्षं अजिबात आवडलं नव्हतं, हेही सांगा.

तिसरी पाळी (बुधवार, रात्री ११.००)

माझं मत बदललेलं नाही. पण जाणारच असशील तर खिडकीला जाड काळं कापड इथूनच घेऊन जा, मेन रोडला मीटरवर मिळतं. खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त घे, कडेने उजेड येतो.