मदत हवी आहे: पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची वाळकी झाडं) न जाळता काय करता येईल?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव, जवळपास सगळी कोरडवाहू कपाशी. वेचणी संपली की वावरावावरांत पऱ्हाटीचे ढीग पेटतात. थोडी चुलीला जाते, बाकी सगळा धूर. यंदा आमच्या सरपंचताईंनी मनावर घेतलंय, ग्रामपंचायत राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात नीट उतरवायची. भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला २०२४ मध्ये कार्बन न्यूट्रल (जेवढा कार्बन हवेत सोडते, तेवढाच शोषला जाईल अशी) पंचायतीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हापासून गावात हुरूप आहे.

पण ग्रामसभेत जुनी माणसं म्हणाली, "जाळली नाही तर बोंडअळी कशी मरंल?" त्यांचं खोटं नाही. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत दडून बसते. मी म्हटलं, श्रेडरनं बारीक कुट्टी करून कुजवली तर अळीचा आसरा मोडतो आणि जमिनीला सेंद्रिय कर्बही मिळतो. पण भाड्याचं विचारलं, तिथं मी गप्प झालो.

कुणाच्या गावात पऱ्हाटीचा श्रेडर चालतो का? एकरी भाडं किती पडतं? गटानं घेतला असेल तर अनुदान कोणत्या योजनेतून मिळालं? कांडी कोळशासाठी (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) पऱ्हाटी विकत घेणारं कुणी जवळपास असेल तर तेही सांगा. पुढची ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे.